तुळसाची कोयती आणि माझी मेट्रो

तुळसा पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या वाडीत राहते. महाडच्या बाजारात भाजी विकते, आणि टोपली रिकामी झाली की माझ्या ओटीवर चहाला टेकते. माझी थट्टा केल्याशिवाय कप खाली ठेवत नाही.

तिची लेक अक्षदा मुंबईत, मरोळला, बाळंत झाली. पाचवीच्या पूजेला बाळाच्या उशाशी घरचीच कोयती हवी. तुळसाची सगळी पोरं त्या कोयतीच्याच शेजारी निजली होती. संध्याकाळच्या आत कोयती पोचवायची म्हणून आम्ही दोघी एसटीने दादरला उतरलो. पुढचा रस्ता माझ्याकडे होता. भुयारी मेट्रोबद्दल मी डायरीत इतकं उतरवून ठेवलं होतं, की जणू रूळ मीच टाकले.

तपासणीच्या यंत्रात पिशवी गेली आणि पडद्यावर कोयती उमटली. मी पहारेकऱ्याला ठेवणीतल्या कॉन्व्हेंटच्या इंग्रजीत पाचवीचं महत्त्व समजावलं. तो मराठीत म्हणाला, "आजी, कोयती आत नेता येणार नाही."

तुळसाने पिशवी उचलली. "मी बसनं जाते. तुमी जावा मेट्रोनं. येवढ्या नटून आल्याव."

"एकटी चुकशील गं."

"कोन, मी?"

गाडी सुरेख होती. मरोळ नाका आलं. दारात आधी दुसऱ्याला वाट द्यावी, हे शाळेतल्या सिस्टरांनी अंगी मुरवलेलं. मी बाजूला झाले. उतरणारे उतरले, चढणारे चढले, मी हसून मान डोलावत होते, तेवढ्यात दार मिटलं. पुढच्या स्टेशनावरही तेच. शेवटच्या स्टेशनावर गाडीच रिकामी झाली, तेव्हा कुठे माझा नंबर लागला. परतताना मात्र मी दाराच्या काचेला नाक लावून उभी होते.

अक्षदाच्या घरी पोचले तेव्हा दिवे लागले होते. तुळसा फडक्यात गुंडाळलेली कोयती मांडीवर घेऊन बसली होती. माझ्यासाठी पूजा थांबवली होती! मी झाला प्रकार सांगितला.

"बाई, नका हसवू, टाके दुखतात," अक्षदा कळवळली.

"चला, लावा हात," म्हणत तुळसाने कोयतीची मूठ माझ्यापुढे केली.

नवरा गेल्यापासून अशा शुभ वेळी मी आपसूक मागे सरते. आताही सरले.

"इथं पन दार मिटंपर्यंत बाजूला उभ्या रानार काय?"

मी मूठ धरली. दोघींनी मिळून कोयती बाळाच्या उशाशी ठेवली.