रुमालाखालचा हात

आमच्या सासूबाई निलम्मा म्हणजे भालकीच्या गंजात, म्हणजे धान्याच्या बाजारपेठेत, अडत दुकान चालवणाऱ्या पहिल्या बाई. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून हे मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं की सुरुवातीला मला त्याचा रागच यायचा. घरात चहात साखर किती घालायची हेसुद्धा मला ठरवू न देणारी बाई, आणि बाहेर तिचं एवढं कौतुक! मग एकदा त्यांनी स्वतःच त्या पहिल्या बाजाराची हकीकत मला सांगितली. भरल्या घरात, दिवसाउजेडी, पेढी नावावर होऊन जमाना झालेला, तरी सांगताना त्यांचा आवाज कापत होता. तेव्हापासून साखरेचं मी मनाला लावून घेणं सोडलं.

गोष्ट हैदराबाद राज्य होतं तेव्हाची. पोलीस ॲक्शन होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. त्या वेळी गंजात भाव कुणी तोंडाने बोलत नसे. शेतकरी गाडीतून माल आणायचा आणि अडत्याच्या दुकानापुढे त्याची रास ओतायचा. खरेदीदार यायचे, मूठभर दाणे उचलून पाहायचे आणि अडत्याच्या हातात हात द्यायचे. वरून रुमाल नाहीतर उपरणं टाकायचं. त्याच्याखाली बोटं धरून, पेरं दाबून भाव व्हायचा. एक झाला की दुसरा खरेदीदार. सगळ्यांचं झालं की अडत्या सांगणार, माल अमक्याला गेला, भाव अमका. ज्याने वर्षभर राबून तो माल पिकवला तो शेतकरी बाजूला उभा राहून नुसता रुमालाकडे बघायचा. आत कोण किती बोललं हे त्याला कधी कळायचं नाही. मला विचाराल तर ही उघड उघड लबाडी होती, पण सगळेच करत होते म्हणून तिला रीत म्हणायचे.

आणि त्या रितीला जोडून आणखी एक समजूत होती. रुमालाखाली ज्याचा हात, पेढी त्याची.

माझे सासरे महादेवप्पा मुगाच्या सुगीत पटकीने गेले. सासूबाईंच्या पदरात माझा नवरा, तेव्हा बोळक्या तोंडाचा. घरात सासऱ्यांची आई, थोरल्या सासूबाई गंगम्मा होत्या, आणि सासऱ्यांचा धाकटा भाऊ अमृतप्पा. अमृतप्पा वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर भांडायला सोपा गेला असता. तो गोड बोलायचा, डोळ्यांत पाणी आणायचा आणि पेढीच्या किल्ल्या मागायचा. पेढी त्याच्याकडे गेली असती तर सासूबाईंना जन्मभर जाऊबाई वाढील ते खावं लागलं असतं, आणि पोराने काकाच्या दुकानात पोती उचलली असती.

सासूबाईंनी मठात वडीलधाऱ्यांपुढे जाऊन सांगितलं, पेढी मी चालवणार. आता आमच्यात बाईच्या गळ्यातही पुरुषासारखंच इष्टलिंग असतं. कष्ट हीच पूजा, हे दोघांनाही सारखंच शिकवतात. पण पूजा चुलीपाशी असेल तोवर सगळ्यांना ती आवडते. वडीलधाऱ्यांनी बराच वेळ खाकरून शेवटी निकाल दिला. एक बाजार बघू. दिवे लागायच्या आत दुकानापुढची रास विकली गेली तर किल्ल्या बाईकडे. नाही गेली तर अमृतप्पाकडे. हात कुणाचा, हे कुणीच बोललं नाही. बाई परपुरुषाच्या हातात हात देणार नाही, हे ज्याला त्याला ठाऊक होतं.

बोटांची भाषा सासूबाईंना येत होती, हे मात्र गंजात कुणाला माहीत नव्हतं. त्याचं असं झालं की त्या काळी थोरल्यांसमोर नवराबायकोने बोलायचं नाही. सासरे दुकानातून आले की गंगम्मा समोर बसलेल्या असायच्या. मग सासूबाई पान द्यायला जायच्या, आणि सासरे पदराआड त्यांची बोटं धरून दिवसाचा भाव सांगायचे. आज तूर इतकी, आज जवस इतकं. असं रोज. हे सांगताना सासूबाई चक्क लाजल्या, आणि तोपर्यंत त्यांचे केस पांढरेशुभ्र झाले होते. इतरांना प्रेम करायला शब्द लागतात, यांचं तुरीवर भागत होतं! आजारी पडायच्या आदल्या दिवशीही सासऱ्यांनी मुगाचा भाव असाच सांगितला होता.

तुरीचा हंगाम आला. बाजाराच्या दिवशी सकाळी सासूबाईंनी दुकान उघडलं. जुनी गिऱ्हाइकं नजर चुकवून पुढच्या दुकानांकडे गेली. भातंब्र्याचे अंकुशराव तेवढे गाडी घेऊन दारात आले. सासऱ्यांच्या हयातीत त्यांनी कधी दुसऱ्या दुकानी माल टाकला नव्हता.

"मालक न्हाईत म्हनून काय मी दुसऱ्याच्या दारात रास वतू व्हय?" ते म्हणाले आणि त्यांनी पोती सोडली. लालसर, टपोऱ्या तुरीची रास दुकानापुढे पडली. सासूबाईंना बरं वाटायला हवं होतं, पण ओझंच वाढलं. आता पेढीबरोबर या माणसाची वर्षाची कमाईही त्यांच्या हातात होती.

अमृतप्पा सकाळपासून उंबऱ्यावर येऊन बसला होता. धुतलेलं धोतर, खांद्यावर नवा कोरा रुमाल.

पहिला आला लिंगराजप्पा, गंजातला सगळ्यात मोठा खरेदीदार. तो ज्या राशीपाशी थांबे तिथे बाकीचे थांबत, तो पुढे गेला की बाकीचेही जात. त्याने तूर तळहातावर घेऊन फुंकली, एक दाणा दाताखाली फोडला.

"माल चोख हाय, अक्का," तो म्हणाला. खांद्यावरचं उपरणं काढून त्याने हात पुढे केला. "द्या हात."

आजूबाजूचे हमाल पोती खाली ठेवून बघत उभे राहिले. शेजारच्या दुकानातलं मापसुद्धा थांबलं.

खरं सांगायचं तर सासूबाई हात द्यायचं ठरवूनच आल्या होत्या. डोळे मिटायचे, एकदाच हात द्यायचा, लोक चार दिवस बोलतील आणि गप्प बसतील. तसं त्यांनी मनाला बजावलं होतं. पण ते उपरणं जवळ आलं आणि त्यांची मूठ आपोआप मिटली. उघडेचना.

अमृतप्पा लगेच उठला. "वैनी, कामून उगं जीवाला तरास करून घ्यायलाव? सरका. मी देतो हात."

त्याचा हात उपरण्यापर्यंत पोचला होता. आणखी क्षणभर गप्प राहिल्या असत्या तर पेढी गेली होती.

"न्हाई!" सासूबाई म्हणाल्या. आवाज त्यांच्या अंदाजापेक्षा फारच मोठा निघाला. "मी कुनाच्या हातात हात देनार न्हाई, अन् माझ्या जागी दुसऱ्याचाबी हात जानार न्हाई. भाव तोंडानं बोला."

सगळा गंज हसला.

"तोंडानं?" लिंगराजप्पाने उपरणं झटकलं. "मंग ह्ये काय मी तोंड पुसायला आनलंय?" तो हसत पुढच्या दुकानी गेला आणि बाकीचे खरेदीदार त्याच्या मागे.

दुपार झाली. शेजारपाजारच्या राशी एकेक करून उचलल्या गेल्या. यांची तूर होती तिथेच. चिमण्या येऊन टिपायला लागल्या. एक शेळी आली तिला सासूबाईंनी हाकललं. घशाला कोरड पडली होती, पण पाणी प्यायला आत जावं तर तेवढ्यात कुणी येऊन गेलं तर, म्हणून त्या हलल्या नाहीत. आपण काय करून बसलो, असं त्यांना सारखं वाटत होतं. एक हात, तेवढ्यासाठी पोराचं दुकान घालवलं. हट्टाला पेटून एका गरीब माणसाची तूर उन्हात वाळत घातली.

अंकुशराव गाडीच्या जुवाला टेकून तंबाखू मळत होते. बराच वेळ मळून झाल्यावर त्यांनी विचारलं, "अक्का, माल परत भरू का? अंधाराच्या आत गाव गाठाया पायजे."

"जरा दम धरा, दादा," सासूबाई म्हणाल्या. कशासाठी दम धरायचा हे त्यांनाही माहीत नव्हतं.

"उन्हं उतरायलीत, वैनी," अमृतप्पा उंबऱ्यावरून हळूच म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा तेच म्हणाला. त्याची नजर त्यांच्या कमरेच्या किल्ल्यांवर होती. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं, पण त्या मऊ आवाजाने त्यांना रडू फुटायला आलं.

ज्यांचा माल विकला गेला होता ते शेतकरी माप होईतो रिकामेच होते. बाईच्या दुकानात भाव तोंडाने व्हायचा आहे, ही बातमी तोवर गंजभर झाली होती. एकेक जण डोंबाऱ्याचा खेळ बघायला यावं तसा येऊन उभा राहिला. गर्दी वाढली तशी सासूबाईंची धास्ती वाढली. आता फजिती व्हायची ती सगळ्या तालुक्यासमोर.

त्या गर्दीतून मदारसाब पुढे आले. उदगीरला त्यांचा डाळ भरडायचा लहानसा कारखाना होता. ॲक्शनच्या आधी त्यांचाही हात रुमालाखाली जायचा. ॲक्शननंतर मुसलमान म्हणून कुणी त्यांच्या हातात हात देईनासं झालं. सगळ्यांचं झाल्यावर उरलासुरला माल काय भावाने घ्यायचा ते त्यांना सांगितलं जायचं, आणि ते मुकाट घ्यायचे. म्हणून ते बाजाराला उशिराच येत.

ते राशीपाशी उकिडवे बसले. तुरीत कोपरापर्यंत हात घालून तळाचे दाणे वर काढले.

"अम्मा, मुँह से बोलना है ना? तो मैं बोलतूं," ते म्हणाले. "पल्ले को पैंतीस." पल्ला म्हणजे धान्याचं तेव्हाचं माप.

गंजात भाव असा मोकळ्या हवेत कुणी कधी ऐकला नव्हता.

सासूबाई गर्दीकडे वळल्या. "पस्तीस रुपये मदारसाब बोलले," त्या म्हणाल्या. "म्होरं कोन हाय?"

"पस्तीस?" गर्दीतला एक शेतकरी ओरडला. "आरं, अशीच तूर सकाळी शेजारच्या दुकानी दिली की मी! लिंगराजप्पानं घेतली. मला बत्तीस सांगितलं!"

"मलाबी बत्तीसच!" मागून कुणीतरी म्हणालं, आणि मग एकच गलका झाला. आता हाणामारी होणार आणि तिचं खापर आपल्यावर फुटणार, असंच सासूबाईंना वाटलं.

गलका ऐकून लिंगराजप्पा आला. लोकांनी त्याला वाट दिली, पण कुणी रामराम घातला नाही. तो राशीकडे बघत पुटपुटला, "छत्तीस."

"मोठ्यानं बोला, अप्पा," सासूबाई म्हणाल्या. "ऐकू आलं न्हाई."

हे धाडस कुठून आलं, मी विचारलं. तर म्हणाल्या, धाडस कसलं, कानात नुसतं घूं घूं होत होतं, खरंच ऐकू आलं नव्हतं.

"छत्तीस!" लिंगराजप्पा गरजला.

"सैंतीस," मदारसाब म्हणाले. एवढ्या माणसांत लिंगराजप्पाच्या वर बोलणं त्यांच्यासाठी साधी गोष्ट नव्हती.

"साडेसदतीस."

"अडतीस, अम्मा."

लिंगराजप्पाने उपरणं खांद्यावर टाकलं. "घ्या मंग. अन् पुढल्या बाजारी तुमच्या दारात कोन येतंय त्ये बगतो, अक्का." तो गेला. सासूबाई अंकुशरावांकडे वळल्या.

"अडतीस," त्यांनी कसंबसं म्हटलं. "माल मदारसाबांना."

"पुन्यांदा सांगा की, अक्का," अंकुशराव म्हणाले. ऐकू आलं नव्हतं म्हणून नव्हे. उभ्या जन्मात आपल्या मालाचा भाव होताना त्यांनी पहिल्यांदा ऐकला होता.

माप चालू असताना शेजारच्या दुकानात बत्ती पेटली. अमृतप्पाने कोरा रुमाल घडी करून खिशात घातला, चपला घातल्या आणि घराकडे गेला.

पुढच्या बाजाराआधीची रात सासूबाईंनी जागून काढली. लिंगराजप्पाने धमकी दिली होती ना. सकाळी दुकानापुढे रस्ता दिसत नव्हता इतक्या गाड्या उभ्या होत्या, आणि लिंगराजप्पाही आला, कारण तूर तिथेच होती. ते सगळं गंजात आजही सांगतात, म्हणून मी इथे सांगत बसत नाही. मी विचारलं ते वेगळंच. "लोक नावं ठेवतील म्हणून हात दिला नाहीत ना?"

"लोकं काय, न्हाई दिला तरी ठिवलीच की," त्या म्हणाल्या. मग उजवा हात उघडून बघत बसल्या. "ह्या हातावर त्येंचा मुगाचा भाव व्हता गं, शेवटचा. त्येच्यावर दुसऱ्याचं बोट कसं पडू दिऊ?"

त्या पहिल्या बाजाराहून घरी आल्यावर त्या सासऱ्यांना पान द्यायच्या जागी बसल्या होत्या. गंगम्मा समोर होत्या. सासूबाईंनी पदराआड आपलाच डावा हात उजव्या हातात धरला आणि बोटं दाबत राहिल्या. अडतीस. पुन्हा अडतीस. गंगम्मांना दिसत होतं. त्यांनी तोंड फिरवून घेतलं, कधी नव्हे ते उठून आत गेल्या आणि त्या दोघांना बोलू दिलं.