अंधारातलं उलटं गाव

"डोळे आणले का सोबत?"

मे महिन्यात समोर कोणीही येवो, वकील येवो की चहावाला, ताई त्याला आधी हे विचारायच्या. हो म्हणणाऱ्याला लगेच कामाला जुंपायच्या. एखादा गोंधळून हसला, तर म्हणायच्या, "घरी राह्यले असतील तर घेऊन ये. मी थांबते."

वर्षभर मात्र तुम्ही त्यांना ओळखलं नसतं. दिग्रसच्या कोर्टात त्या टंकलेखक होत्या आणि मी शेजारच्या टेबलावर कनिष्ठ लिपिक. त्यांच्या घरात तीन पिढ्या कचेरीत गेलेल्या. कडक इस्त्रीची साडी, घट्ट अंबाडा, आणि कागदावरून मान वर न करता दिलेलं उत्तर. नवे वकील त्यांना न्यायाधीशांपेक्षा जास्त घाबरत.

कोर्टाला उन्हाळी सुट्टी लागली की हीच बाई कापडी पिशवी खांद्याला अडकवून एस.टी. स्टँडवर उभी. पिशवीत काळा कागद, कात्री, दोन-तीन भिंगं, रंगाच्या पुड्या आणि फडक्यात बांधलेला कांदा, ऊन लागू नये म्हणून. एखादं गाव धरायचं आणि तिथं काही दिवस जत्रा भरवायची. सकाळी चित्रं, दुपारी सावलीत विज्ञानाचे खेळ, संध्याकाळी ज्याला जे येतं ते गाणं. मी नोकरीला लागल्याच्या दुसऱ्याच वर्षी त्यांनी मलाही सोबत ओढलं.

"सुट्टीत काय करून राह्यली?"

"काही नाही, ताई."

"मग ते माझ्यासोबत कर."

पहिल्याच जत्रेत त्यांनी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला कापसाचा एकच तंतू कागदी नळीत बसवलेल्या भिंगांखाली दाखवला. सरळ, गोल तंतू दिसेल असं मलाही वाटत होतं. पण ती होती एक चपटी फीत, स्वतःभोवती पिळत गेलेली. म्हातारा कितीतरी वेळ वाकून होता. मग कंबर धरून उभा राहिला आणि म्हणाला, "माय वो! मले वाटे मीच पिळून राह्यलो. हा तर जन्मापासूनच पिळेल हाय."

सगळे हसले. ताई हसल्या नाहीत. त्या त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते मी कोर्टात कधी पाहिलं नव्हतं.

पुढे कापसाची ती वाईट वर्षं आली. आपला जिल्हा रोज पेपरात दिसू लागला, तोही एकाच बातमीसाठी. बाहेरगावच्या गाड्या यायच्या, कॅमेरे यायचे, ठरावीक घरांपुढे थांबायचे आणि संध्याकाळच्या आत परतायचे. त्यातल्या एका वर्षी ताईंनी महागावकडचं एक गाव निवडलं. गावाला लागूनच बंजारा लोकांचा तांडा होता आणि सडकेच्या कडेला कापसातली सरकी काढायचं एक जिनिंग. हंगाम संपलेला, त्यामुळे शेड रिकामी. मालकाने चावी दिली.

पहिल्याच दिवशी गावातले एक वयस्कर गृहस्थ पारावरून उठून आले. सगळे त्यांना दादाजी म्हणत.

"बाई, गावात काय होऊन राह्यलं तुमाले ठाऊक नाई का? अन् तुमी नाचगाणं घेऊन आल्या?"

ताईंनी पदराने घाम पुसला. "ठाऊक आहे दादाजी. म्हणूनच आली. आपल्याकडं आजकाल लोक एकच गोष्ट पाहाले येतात. या गावात दुसरं काहीच नाही का पाह्यण्यासारखं?"

दादाजी पारावर न जाता तिथेच एका पोत्यावर बसले.

मग ताईंनी जे केलं, ते मी आजही नीट सांगू शकेन की नाही, शंका आहे. शेडच्या सगळ्या खिडक्या आणि फटी त्यांनी ताडपत्री, गोणपाट आणि चिखल लावून बंद करवल्या. आत इतका काळोख झाला की स्वतःचा हात दिसेना. दार पूर्वेला, सडकेच्या बाजूला होतं. त्याच्या पत्र्याला त्यांनी रुपयाएवढं एक भोक पाडून घेतलं. आता आत, भोकासमोर, एक मोठा पांढरा पडदा हवा होता. मंडपवाल्याने चादरी दिल्या, पण त्या शिवून जोडणार कोण?

"तांड्यात सोनीबाई हाय," कोणीतरी म्हणालं आणि लगेच गप्प झालं.

सोनीबाईच्या नवऱ्याने आदल्या हिवाळ्यात आत्महत्या केली होती. तिच्या दारातही कॅमेरे येऊन गेले होते. पदर घे, पदर काढ, फोटो हातात धर, असं तिला सांगून गेले होते. त्यानंतर ती उंबऱ्याबाहेर आली नव्हती. आधी हीच बाई तांड्यात सगळ्यांच्या पुढे गायची आणि बाकीच्या तिच्यामागून म्हणायच्या. आता गाणंही बंद होतं.

मला वाटलं, ताई तिला समजवायला जातील. त्या चादरींचा गठ्ठा घेऊन गेल्या, दारातच बसल्या आणि म्हणाल्या, "सोनीबाई, या जोडून पाह्यजेत. शिवण पक्की हवी, नाहीतर झोळ येईन."

आतून आवाज आला, "कायले पाह्यजे?"

"गाव धरायचं आहे त्याच्यात."

"फोटोचं काम हाय का?" आवाज एकदम कडक झाला.

"नाही. याच्यात फोटो निघत नाही. माणूस समोर आहे तोवर दिसते. गेला की चादर कोरी."

थोड्या वेळाने दाराच्या फटीतून एक हात बाहेर आला आणि गठ्ठा आत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी पडदा तयार होता. असे बारीक टाके मी कधी पाहिले नव्हते. सोनीबाई मात्र आली नाही.

सूर्य शेडच्या मागे कलेपर्यंत ताईंनी आम्हाला थांबवलं. मग पंधरावीस माणसांना आत बसवून दार लावलं. बाहेर होरपळ, आत भट्टी, आणि काळोख.

"काईच दिसून नाई राह्यलं," दादाजी म्हणाले.

"डोळ्यांना जरा अंधार पिऊ द्या," ताई म्हणाल्या.

आम्ही बसून राहिलो. आधी पडद्यावर धुरासारखं काहीतरी आलं. मग त्याला रंग आला. खाली निळं आभाळ, वर तापलेली सडक, आणि मधे सडकेला टांगलेलं एक कडुनिंबाचं झाड, पानन् पान हलणारं! कोणी श्वास घेईना. तेवढ्यात पुसदची लाल एस.टी. चाकं वर करून पडद्यावरून सरसरत गेली, आणि तिचा भोंगा मात्र बाहेरून ऐकू आला.

"अरे बाप्पा," दादाजी इतक्या हळू म्हणाले, जणू मोठ्याने बोललं तर सगळं उडून जाईल. "हे आपलंच गाव का?"

वीज नव्हती, यंत्र नव्हतं. एक भोक आणि ऊन. मी शाळेत प्रकाश सरळ रेषेत जातो हे पाठ केलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. त्या दिवशी अंगावर काटा आला.

दुसऱ्या दिवशी एक पेपरवाला फोटोग्राफर आला. ताईंनी त्याला आत बसवलं. चित्र दिसताच त्याने घाईने कॅमेरा काढून फ्लॅश मारला. बाहेर येऊन पाहतो तर फोटोत नुसती पांढरी चादर आणि तिच्यावरची शिवण. "तुझा उजेड जास्त झाला रे, बाबा," ताई म्हणाल्या.

शेवटच्या दिवशी तांड्यातल्या बायका नाचणार होत्या. आरशांच्या कामाच्या चोळ्या, घेरदार घागरे, हातभर बांगड्या. त्या बाहेर कडुनिंबापुढे फेर धरून उभ्या राहिल्या. आत आम्ही दाटीने बसलो. दार लावणार, तोच एक बाई तोंडावर ओढणी घेऊन आत शिरली आणि भिंतीला पाठ लावून बसली. ताईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. दार लावून घेतलं.

बायका नाचू लागल्या. पडद्यावर घागरे वर आणि डोकी खाली. चोळीवरच्या आरशांना ऊन लागलं की काळोखात ठिणग्या उडत. त्या उलट्या दिसत असूनही भिंतीजवळची बाई एकेकीला ओळखत होती. पुटपुटत नावं घेत होती. नाचणाऱ्यांचं गाणं पत्र्यातून आत येत होतं, पण त्याला पुढे नेणारं कोणी नव्हतं. ते सारखं अडखळत होतं.

आणि मग अंधारातून सूर आला. आधी घशातच, मग मोकळा, उंच. गोरबोलीतलं, म्हणजे बंजाऱ्यांच्या भाषेतलं गाणं, मला त्यातला 'याडी', म्हणजे आई, एवढा एकच शब्द कळला.

पडद्यावरच्या बायका जागच्या जागी थांबल्या. त्यांना आतलं काही दिसत नव्हतं. नुसता आवाज, पत्र्याच्या पलीकडून. एकीने तोंडावर हात ठेवलेला आम्ही पाहिला, उलटा हात, उलटं तोंड. मग त्यांनी पुन्हा पाय उचलला. सोनीबाई एक ओळ म्हणायची आणि बाहेरून सगळ्याजणी ती उचलायच्या. आत गाणं, बाहेर नाच, आणि मधल्या चादरीवर सगळा तांडा.

ताई माझ्या शेजारी होत्या. त्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगडी रुतली. "मी एवढं नव्हतं ठरवलं गं," त्या म्हणाल्या. "एवढं नव्हतं ठरवलं."

ऊन उतरेपर्यंत चित्र टिकलं. मग पडदा हळूहळू राखाडी झाला. दार उघडल्यावर बाहेरच्या बायका धावत आल्या आणि सोनीबाई त्यांच्या घोळक्यात दिसेनाशी झाली.

त्यानंतर ताईंना फार उन्हाळे मिळाले नाहीत. एका थंडीत त्या आजारी पडल्या आणि आठवड्याभरात गेल्या. कोर्टात आम्ही सारे दोन मिनिटं उभे राहिलो, मग कामाला लागलो. त्यांच्या खुर्चीवर नवा मुलगा आला. चांगला आहे.

पुढच्या मेमध्ये मी एकटीच महागावच्या गाडीत बसले. का, ते मलाही माहीत नव्हतं. जिनिंगच्या मालकाने शेड विकली होती, पत्रे उतरवून नेले होते. मी तशीच तांड्यात गेले. सोनीबाई अंगणात बसून एका लहानग्या पोरीला टाका शिकवत होती.

"बाई नाई आली?"

ताई गेल्याचं मी सांगितलं. तिने मला पाणी दिलं, भाकर वाढली, मी जेवेपर्यंत समोर बसून राहिली. मग म्हणाली, "चाल, तुले एक दाखवतो. बाईले दाखवाचं होतं."

तिने मला घरामागच्या कडुनिंबाखाली नेलं आणि खाली बोट केलं. सावलीत उन्हाचे ठिपके पडले होते, नेहमी पडतात तसे.

"पाह्य. पानाच्या मंधातली फट कशी हाय? कुठं वाकडी, कुठं तिरपी. पन खाली सारे ठिपके गोल." तिने माझ्याकडे पाहिलं. "हा सूर्य हाय ना? पत्र्यातून गाव आलं, तसा हा पानातून सूर्य?"

मी जन्मभर कडुनिंबाखालून चालत आले होते. आता खाली पाहिलं. शेकडो सूर्य होते, एकमेकांत मिसळत, वाऱ्याने थरथरत. सोनीबाईने तळवा पुढे केला. एक त्यात येऊन बसला. आम्ही दोघी वाकून त्याच्याकडे पाहत राहिलो.