विमलचा गारोबा

अकोल्याच्या दवाखान्यातून सुधीरचा फोन आला तेव्हा मी अंगणात मिरच्या वाळत घालत होते. "मोठीआई, आई गेली," एवढंच तो बोलला. विमल माझी धाकटी जाऊ. सोनाळ्यात एकाच घरात आमचा जन्म गेला. मी फोन ठेवला आणि उरलेल्या मिरच्या पसरल्या. रडू नंतरही फारसं आलं नाही. माझ्याजवळ रडण्यापेक्षा वाईट गोष्ट आहे, ती सांगते.

विमल दहावी शिकलेली, अंगणवाडीत नोकरीला. मी चौथी. घरात कुठलाही कागद आला की ती माझ्या हातातून घ्यायची. द्या बाई, तुमाले नाही समजायचं, म्हणायची. मनात वाईट काही नसायचं, हे कळत होतं. तरी लागायचं. मला टायफॉइड झाला तेव्हा महिनाभर तिनंच माझं सगळं केलं, न्हाऊमाखू घालण्यापर्यंत... पण मी लक्षात ठेवले ते कागद.

मागच्या साली तिला झटका आला आणि डावा हात लुळा पडला. डॉक्टर म्हणाले, बोटं हलवत ठेवा. सुधीर तिचा मुलगा, खामगावला असतो. त्यानं टीव्हीला जोडायचा, दोन्ही हातांनी बटणं दाबून खेळायचा व्हिडिओ गेम आणून दिला. त्यात एक पोरगी फळ्यांवरून उड्या मारत जाते आणि दर मजल्याच्या शेवटी एक राक्षस उभा असतो. विमल आधी लाजली, मग हट्टाला पेटली. चार राक्षस तिनं पाडले. पाचवा बर्फाचा माणूस होता. एकावर एक तीन पांढरे गोळे, कोळशाचे डोळे, गळ्यात लाल मफलर. दिसायला लेकरांचं खेळणं. पण तो चिडायचाच नाही, नुसता हसायचा. मार बसला की जास्त हसायचा. स्वतःचं मुंडकं काढून पोरीच्या अंगावर घरंगळवायचा. बर्फ पडताना आम्ही कुठे पाहिलेला, आम्हाला माहीत त्या गारा. म्हणून विमलनं त्याला गारोबा नाव ठेवलं.

गारा पडायला लागल्या की आमच्याकडे अंगणात कुऱ्हाड फेकतात. लोखंडानं गारा थांबतात म्हणे. खेळातल्या पोरीलाही कुऱ्हाड मिळायची आणि विमलनं तीच धरून ठेवली. घाव बसला की गारोबाचे दोन तुकडे व्हायचे, आणि जोडून तो पहिल्याहून मोठा उठायचा. तरी हिची कुऱ्हाड सुटेना. "याले पाडलं म्हणजे माहा हात वापस आला समजा," ती म्हणायची. थट्टेत म्हणायची, पण तिनं ते मनाशी धरलं होतं.

एक दिवस पळता पळता पोरीनं कोपऱ्यातल्या शेकोटीवरून उडी मारली. गारोबा मागे आला, शेकोटीजवळ थबकला, आणि त्याचं हसू गेलं. खालचा गोळा मूठभर झिजला. विमलची नजर आपल्या बोटांवर होती, तिला दिसलं नाही. मला दिसलं. सारी हयात चुलीपुढे गेली, मला नाही दिसणार तर कुणाला. मी गप्प बसले. पाहू दे म्हटलं तिची दहावी.

असे बरेच दिवस गेले. मग एका दुपारी तिनं ती बटणं मांडीवर ठेवली.

"बाई, तुमी रोज पाहून राह्यल्या. तुमाले काई दिसते काय?"

इतक्या वर्षांत तिनं मला पहिल्यांदा काही विचारलं होतं. मी लसूण सोलत होते. वर न पाहता म्हणाले, "मले काय समजते वं? मी चौथी."

तिनं हळूहळू पुन्हा बटणं उचलली... अजून एकदा विचारलं की सांगू, असं मी ठरवलं होतं. चार दिवसांनी तिला दुसरा झटका आला आणि अकोल्याला नेलं.

तेरवी झाल्यावर सुधीर त्या गेमच्या वायरी गुंडाळत होता. मी म्हटलं, एकदा लाव. त्यानं लावला. गारोबा आला, हसत.

"त्याले शेकोटीकडं ने," मी म्हणाले.

दोन मिनिटांत त्याचं पाणी झालं. पाण्यावर मफलर तेवढा राहिला. सुधीर माझ्याकडे पाहत राहिला.

"मोठीआई, हे तुले कवा समजलं?"

"तुही माय होती तवाच."

"मंग तिले काऊन नाही सांगितलं? तिनं एकडाव विचारलं असतं तं..."

"विचारलं होतं तिनं," मी म्हणाले.

सुधीरनं बटणं खाली ठेवली आणि तो बाहेर गेला. टीव्हीवर सहावा मजला उघडला होता. पोरगी पहिल्या फळीवर उभी होती, कुणी पुढे नेईल म्हणून.