अठराशे ऐंशीच्या आसपास

मंडळाचं काम केलं की मानधन मिळत नाही, वीकेंड मिळत नाही, आणि आभारप्रदर्शनात आपलं नाव हमखास राहून जातं. मिळतात ते फक्त किस्से! ते इतके साठलेत की कुणाकडे जेवायला गेलं की "शिल्पा, तो तंबोऱ्याचा सांग ना" अशी फर्माईश येते आणि माझी आमटी गार होते. म्हणून आज सगळे एका दमात सांगून टाकते. ह्यातला एकही मी रचलेला नाही. रचायला डोकं लागतं. आमच्या मंडळात नुसतं हजर राहिलं तरी पुरतं.

मी सिडनीतल्या ह्या मराठी मंडळाची प्रॉम्प्टर. म्हणजे विंगेत वही घेऊन उभं राहायचं आणि नट अडला की हळूच पुढचा शब्द द्यायचा. आमचा अध्यक्ष विनायक. राहणार क्वेकर्स हिल, नोकरी आयटीत, हुद्दा प्रोजेक्ट मॅनेजर. समोरासमोर आम्ही सगळे त्याला अरे-तुरेच करतो, पण मीटिंगच्या मिनिट्समध्ये तो 'मा. विनायकराव' असतो. मिनिट्स तोच लिहितो.

*

गेल्या वर्षी विनायकने जाहीर केलं, "ह्या वेळी ऑर्केस्ट्रा नाही, फॅशन शो नाही. एकोणिसाव्या शतकातलं एक अख्खं वर्ष उभं करायचं! त्या वर्षी आपले लोक काय ऐकत होते? बैठकीतला ख्याल, फडावरची लावणी आणि संगीत नाटक. सगळं एकदम ऑथेंटिक!"

आधी एका पाहुण्या गवयाचा ख्याल आणि लावणी, मग तासाभराचं नाटक असा बेत होता. नाटकाचे संवाद अर्थातच तो स्वतः लिहिणार होता.

"पण वर्ष कुठलं?" मी विचारलं.

"डेमोक्रसी आहे," म्हणाला, आणि व्हॉट्सॲपवर पोल टाकला. चार वर्षं दिली आणि पाचवा पर्याय 'कुठलंही चालेल'. पाचवा पर्याय प्रचंड बहुमताने निवडून आला! मग तीन मीटिंगा झाल्या. तिसरीत ठरलं, 'अठराशे ऐंशीच्या आसपास'. मिनिट्समध्ये नोंद झाली, 'वर्ष एकमताने निश्चित.'

लावणीतला शृंगार 'फॅमिली इव्हेंट आहे' म्हणून त्याच मीटिंगमध्ये काढला. उरली ती सहा मिनिटांची घुंगरं.

*

ऑथेंटिक म्हणजे खरा तंबोरा हवा, फोनवरचं ॲप चालणार नाही! आमचा तबलजी मिलिंद पुण्याला गेलाच होता, त्याच्यावर ही जबाबदारी आली. मिलिंद म्हणजे सत्यवादी माणूस. सिडनी एअरपोर्टवर ऑफिसरने तंबोऱ्याच्या पोटावर टिचकी मारून विचारलं, हे कशाचं आहे?

"पम्पकिन," मिलिंद म्हणाला.

"पम्पकिन? म्हणजे भाजी?"

"हो, पण वाळलेला. आम्ही खात नाही, सुरात लावतो."

ऑफिसरने दुसऱ्याला बोलावलं, दुसऱ्याने तिसरीला. तिसरीने विचारलं, आत बिया आहेत का? आता इथे 'नाही' म्हणून सुटता आलं असतं. मिलिंद म्हणाला, "सांगता येत नाही. मी कधी उघडून बघितला नाही."

झालं! तंबोरा तपासणीसाठी आत आणि मिलिंद एकटाच घरी. बायकोने दारातच विचारलं, "तंबोरा कुठाय?"

"क्वारंटाइनमध्ये."

"अरे देवा! आणि लोणचं?"

"ते सोडलं."

*

जुन्या नाटकाची सुरुवात नांदीने होते. सूत्रधार आणि मंडळी देवाची प्रार्थना गातात, धूप जळत असतो. हॉलमधल्या पहिल्या तालमीला विनायक धूप घेऊन आला. थोडाथोडका नाही, मंगळागौरीला आठ घरांत पुरेल एवढा! मी म्हटलं, "विनायक, वर स्मोक अलार्म आहे."

"त्या काळी नव्हता," तो म्हणाला.

पण ह्या काळी होता. नांदीचं पहिलं कडवं संपायच्या आत अलार्म कोकलायला लागला आणि दुसरं संपायच्या आत फायर ब्रिगेड दारात! हेल्मेट, नळी, सगळा सरंजाम. सूत्रधार गातच होता, कारण नांदी मध्ये तोडायची नसते असं विनायकनेच त्याला बजावलं होतं. दोन धिप्पाड जवान स्टेजकडे धावले, तर विनायक हात आडवा करून उभा!

"मेट, प्लीज, शूज काढा. इथे पूजा मांडलीय."

जवानाने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा धुराकडे. म्हणाला, "नो वरीज मेट. तुम्ही सगळे आधी बाहेर व्हा, मग मी शूज काढतो."

सगळे पार्किंगमध्ये उभे राहिलो. नांदी तिथेच पूर्ण केली.

*

आता मधुराबद्दल सांगते. मधुरा टूनगॅबीला राहते. इथे शिकायला आली, मग पीआर, म्हणजे इथली कायमची रहिवासी झाली, आता एज्ड केअरमध्ये म्हाताऱ्यांची देखभाल करायच्या शिफ्टा करते. आमच्यात खरं गाणं कुणाला येत असेल तर ते तिला. तिची आई सांगलीला पन्नास वर्षं गाणं शिकवते, पण स्वतः कधी स्टेजवर बसली नाही. सासऱ्यांनी लग्न ठरवतानाच सांगितलं होतं, "आमच्या घरच्या बायका चारचौघांत गात नाहीत." मुलीला तरी स्टेजवर बघायचं, एवढ्यासाठी ती माउली व्हिजिटर व्हिसा काढून आली होती. प्रयोग शनिवारी आणि तिचं परतीचं विमान मंगळवारी. वय चौऱ्याहत्तर, गुडघे दोन्ही गेलेले. पुन्हा येणं काही होणार नव्हतं.

तेव्हा नायिका मधुरा, ह्यात कुणाला शंकाच नव्हती. आणि कास्टिंगच्या दिवशी विनायकने पीपीटी लावली! स्लाइड चौथी: 'त्या काळी स्त्रियांची कामं पुरुष करत.'

"मग?" मी विचारलं.

"मग इतिहासाशी गद्दारी करता येणार नाही, शिल्पा. नायिका पुरुषच हवा." जरा थांबून, खाली बघत म्हणाला, "कुणीच तयार नसेल तर मी करतो."

कुणी तयार आहे का, हे विचारायला तो थांबलाच नाही. पाचव्या स्लाइडवर नऊवारीतला त्याचा फोटो होता!

"आणि मिशी?" मिलिंदने विचारलं. मिशी विनायकने कॉलेजपासून जपलेली. म्हणाला, "मिशीवर फाउंडेशन लावू." म्हणजे ऑथेंटिसिटी पार नाकापर्यंत आली आणि तिथेच थांबली.

*

नऊवारीत चालायची सवय व्हावी म्हणून एका रविवारी हा पठ्ठ्या साडी नेसूनच कचऱ्याचे बिन्स बाहेर ठेवायला गेला. मुलगा खिडकीतून ओरडतोय, "डॅड, नॉट ऑन द स्ट्रीट! प्लीज!" समोरचा ग्रेग गाडी धूत होता. त्याने पाइप बंद केला, वरपासून खालपर्यंत बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "विन, रिसायकलिंग पुढच्या आठवड्यात आहे."

*

साडी जमली, चाल जमली, घोडं अडलं गाण्यात. नायिकेला तीन पदं. विनायकचा आवाज मधल्या सप्तकात बरा, पण वरच्या सा ला गेला की दार करकरावं तसा निघायचा. तिसऱ्या तालमीत मिलिंदने तबल्यावरचे हात काढून कानांवर ठेवले.

पुढच्या मीटिंगला विनायकने तोडगा काढला. "मधुरा विंगेतून माइकवर गाईल, मी स्टेजवर ओठ हलवीन. तू टीम प्लेयर आहेस ना, मधुरा?"

मी म्हटलं, "त्या काळचे नट स्वतः गायचे रे! आणि माइक कुठे होता त्या काळी?"

"शिल्पा, थोडं ॲडॅप्टेशन करावं लागतं."

मला इतका संताप आला! पण मधुरा "चालेल" म्हणाली. बाहेर आल्यावर मी तिला फैलावर घेतलं. "चालेल काय? आईला काय सांगणार आहेस?"

"सांगितलंय ना, नाटकात आहे म्हणून. माझा आवाज तरी ऐकेल ती." डोळे भरले होते तिचे.

आई रोज चौकशी करायची. "पदं किती गं तुला?" तीन. "आणि साडी कुठली?" आता बॅकस्टेजला काळे कपडे घालायचे असतात. मधुरा म्हणाली, "काळा ड्रेस आहे."

"नायिकेला काळा?"

"मॉडर्न आहे गं, आई."

*

जुन्या नाटकात पद रंगलं की प्रेक्षक 'वन्स मोअर' ओरडायचे आणि नटाला ते पुन्हा गावं लागायचं. ही प्रथा विनायक प्रेक्षकांवर सोडेल? शक्यच नाही! त्याने एक्सेल शीट केली. 'पद पहिलं, वन्स मोअर: कुलकर्णी कुटुंब, पाचवी रांग. पद दुसरं, वन्स मोअर: पेंडल हिल ग्रुप, उजवी बाजू.' तिसरं पद करुण, म्हणून तिथे वन्स मोअर नको, फक्त टाळ्या.

प्रयोगाच्या दिवशी कुलकर्णी कुटुंब शीट पाठ करून आलं होतं, फक्त लक्ष नव्हतं. लावणी संपली आणि अनाउन्सर म्हणाला, "एक पांढरी गाडी ड्राइव्हवेत आडवी लागली आहे, कृपया काढावी." पाचव्या रांगेतून चौघं एका सुरात गरजले, "वन्स मोअर!"

अनाउन्सर बिचारा आज्ञाधारक. त्याने पुन्हा वाचलं. ह्या वेळी गाडीचा नंबरही सांगितला. गाडी कुलकर्ण्यांचीच होती!

*

मग नाटक सुरू झालं. मी विंगेत वही घेऊन, शेजारी मधुरा माइक धरून, काळा टीशर्ट, काळी पँट, केसांना क्लचर. फटीतून पहिली रांग स्पष्ट दिसत होती. मधोमध तिची आई, इरकलीवर कार्डिगन घालून, पर्स घट्ट धरून बसलेली. दर एन्ट्रीला शेजारच्या बाईला विचारत होती, "आता येईल का हो मधुरा?"

आला विनायक! पदर सावरत, मुरडत, मिशीवर अर्धा इंच फाउंडेशन. पेटी वाजली, मधुराने सूर लावला, विनायकने ओठ उघडले. आई एकदम ताठ बसली. आधी डावीकडे बघितलं, मग उजवीकडे, मग वर छताकडे. कुलकर्ण्यांनी इमानाने वन्स मोअर दिला.

दुसऱ्या पदाला आईने पर्समधून चष्मा काढला आणि विनायकच्या तोंडाकडे टक लावून बसली. मधुरा तिकडे बघतच नव्हती, डोळे मिटून गात होती.

तिसरं पद नायिकेच्या विरहाचं. काय गायली पोरगी! वरच्या सा वर थांबली आणि तिथून अशी एक तान घेत खाली आली की मिलिंद ठेका विसरता विसरता राहिला. आणि शीटमध्ये नसलेला, खराखुरा वन्स मोअर उसळला! मागून, बाल्कनीतून, चहाच्या काउंटरवरून! विनायक धन्य झाला. छातीवर हात ठेवून तीनदा लवला आणि पेटीवाल्याला 'होऊ दे' म्हणून खूण केली.

तेवढ्यात पहिल्या रांगेत मधुराची आई उभी राहिली. पेटी थांबली.

"अहो बाई," ती विनायकला म्हणाली. गाणं शिकवणारीचाच आवाज, माइकशिवाय मागच्या भिंतीपर्यंत गेला. "ही तान मी बसवलीय. सहा महिने लागले होते. तुम्ही जरा बाजूला व्हा, आणि जिचा गळा आहे तिला बाहेर पाठवा."

मधुरा पांढरीफटक पडली. "शिल्पा, मी कशी जाऊ? हे असे कपडे..." माझं काम अडलेल्याला शब्द द्यायचं, पण त्या वेळी मला एकही सुचला नाही. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. ढकललं असं कुणी म्हणालं, तर मी नाही म्हणणार नाही.

ती लाइटमध्ये गेली. आईकडे बघितलं, वाकून नमस्कार केला आणि डोळे उघडे ठेवून ते पद पहिल्यापासून गायला लागली. आई उभीच होती. कुणी तिला बसा म्हणालं नाही.

आणि मधुराच्या बाजूला, लाइटच्या मधोमध, विनायक. छातीवर हात, मान तिरकी, डोळे अर्धे मिटलेले. ओठ हलतायत. तानेसकट!