न झालेली झुंज

मेघनावहिनींचा फोन आला तेव्हा मी लॅबमध्ये होते. "सुधीर गेला गं," एवढंच त्या म्हणाल्या. ऑफिसच्या पार्किंगमधून गाडीकडे चालत जाताना सुधीरदादाचं हृदय थांबलं... अडतीस वर्षांचा, जिने पळत चढणारा माणूस. दीड महिना झाला. श्रूजबरीतल्या त्याच्या घरी अजून चपला दारात काढताना मी हळू बोलते, जणू आत कुणी झोपलंय.

माझे वडील इचलकरंजीत कामगारांची पत्रकं छापायचे, त्यामुळे अन्याय दिसला की मला कागद लागतो. इथे परदेशात शिकायला आल्यावर मराठी मंडळात भेटलेल्या ह्या मानलेल्या दादाने पहिल्याच आठवड्यात मला 'पत्रकबाई' करून टाकलं. तो स्वतः कऱ्हाडकडच्या तालमीत वाढलेला. इंजिनिअरिंगमुळे सुटलेली कुस्ती त्याला इथे बुटांच्या बंद पडलेल्या कारखान्यातल्या एका जिममध्ये पुन्हा सापडली, पण वेगळ्या रूपात : ठोसे, लाथा, पकडी, सगळं चालणारी झुंज, तीही जाळीच्या पिंजऱ्यात. मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे घरटी एक पदार्थ आणून जमवलेल्या जेवणाला, एक काका म्हणाले, "अरे, एवढा शिकलास आणि मारामारी करतोस?" दादा शांतपणे म्हणाला, "काका, तुमच्या कमिटीवर यायचंय ना, म्हणून तयारी."

त्याला एकदा, फक्त एकदा, लोकांसमोर उतरायचं होतं. बक्षीस नको, कारण नोकरीच्या व्हिसावर दुसरीकडून पैसे घेता येत नाहीत. जिमच्या कोचने एक हॉल घेतला, दादाची जोड टॉम नावाच्या प्लंबरशी लावली, आणि गाव पेटलं. एका आमदाराने हा रानटीपणा असल्याचं भाषण ठोकलं. झुंज थांबवा म्हणून अर्ज कोर्टात गेला. मी पत्रक काढलं : दोन सज्ञान माणसं राजीखुशीने लढतात, तर तुमचा धर्म का बुडतो? बॉक्सिंगला टाळ्या वाजवणाऱ्यांनीच ते फाडलं. पण दादाची भीती वेगळी होती. अकरा सप्टेंबरनंतरची ती वर्षं. वकिलाने सांगितलं होतं, अटक झाली तर ग्रीन कार्ड विसरा. "म्हणजे मी आधीच पिंजऱ्यात आहे," तो म्हणाला, "जिमच्या पिंजऱ्याला निदान दार तरी आहे."

शनिवारी संध्याकाळी हॉल भरला. दोघं जाळीच्या आत उभे, हाताला पट्ट्या बांधलेल्या, आणि तेवढ्यात कोर्टाचा मनाई हुकूम घेऊन पोलीस आले. लोक ओरडायला लागले. कोच म्हणाला, "लढा, दंड मी भरतो." सगळे दादाकडे बघत होते. लढला तर देश सुटणार, मागे फिरला तर भेकड ठरणार. वहिनी माझा दंड इतका घट्ट धरून होत्या की वळ उठले... मग दादाने टॉमचा हात धरला, वर उचलला आणि चालायला लागला. आमच्याकडे मैदानात लढतीआधी जोड अशीच हात धरून फिरवतात, लोकांना दाखवायला. टॉमला काही कळेना. "आपण काय करतोय?" त्याने विचारलं. दादा म्हणाला, "चालतोय. चालायला बंदी नाही." पोलिसाने पुन्हा एकदा हुकूम वाचला आणि खांदे उडवले. पूर्ण फेरी झाली. हॉल आधी हसला, मग उभा राहिला.

लोकांना तो विजय वाटला. मलाही. घरी परतताना मी गाडीत पुढच्या पत्रकाचं बोलत होते, आणि दादा स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाला, "पत्रकबाई, मला लढायचं होतं गं." नंतर मी तो विषय काढला नाही. कार्ड येऊ दे, मग बघू, असं तो म्हणत राहिला. नोकरी बदलायची नाही, सिग्नल पिवळा दिसला तरी थांबायचं, कुणाशी वाद घालायचा नाही. चार वर्षं असा अंग चोरून जगला. कार्ड आलंच नाही. आता ज्या व्हिसावर वहिनी इथे होत्या तोही त्याच्याबरोबर संपला. ज्या बाईने नवरा गमावला तिलाच हा देश विचारतो की तू इथे कशी. हा कायदा मात्र कुणाला रानटी वाटत नाही.

परवा वहिनींच्या परतीच्या बॅगा भरायला गेले होते. बाथरूमच्या कपाटात वहिनींना एक डबी सापडली. आत होतं त्या शनिवारसाठी नवं घेतलेलं, लढताना दातांवर बसवायचं रबर. ते गरम पाण्यात मऊ करून चावायचं, मग त्याला त्याच माणसाच्या दातांचा आकार येतो. पुढचा किंचित तिरका दातसुद्धा त्यात स्पष्ट उमटलाय. दादा दर महिन्याला ते धुऊन ठेवायचा, वहिनी म्हणाल्या. एकही ठोसा न खाल्लेलं, कोरं. त्यांनी ते तळहातावर धरलं, अंगठा आत फिरवला, आणि विचारलं, "हे हातात ठेवू, की बॅगेत?" मी म्हटलं, हातातच ठेवा.