न रडणारं बाळ

ऑलिविन थेरिओ कॅराकेट या मासेमारीच्या गावी किनाऱ्यावर घरोघर जाऊन बाळंतिणींना बघायची. हाडापेराने दणकट, बडबडी नर्स. बाळ हातात घेतलं की मात्र एकदम गप्प व्हायची.

त्या मे महिन्यात शेवंडांचा हंगाम भरात होता. नुकत्याच बाळंत झालेल्या रोझेलचा नवरा एमे होडीवर. घरी ती, आठवड्याचं बाळ आणि सासू. सासूला सगळा किनारा मेमेर एडना म्हणे, म्हणजे एडना आजी.

"अगं, काय गुणाचं पोर!" ऑलिविन दारात दिसताच मेमेर म्हणाली. "रडणं म्हणून माहीत नाही. माझ्या पाचांनी घर डोक्यावर घेतलं होतं."

ऑलिविनने बाळाच्या तळव्यावर टिचकी मारली. त्याने जरासं तोंड वाकडं केलं, बस्स. रोझेलने छातीशी धरलं, तर दोन घोट घेऊन त्याने मान टाकली. ताप नव्हता, कावीळ दिसत नव्हती. टाचेतला रक्ताचा थेंब तपासला, साखरही ठीक. ऑलिविनने बाळाला दुपट्यात गुंडाळलं.

"हे गुणीपण नाही, मेमेर. याला हॉस्पिटलात न्यायला हवं. आत्ताच."

गाडीत रोझेल बोलता बोलता पेंगली. जागी झाली, पुन्हा पेंगली. बाळंतीण थकणारच, पण हिची जीभही जड झाली होती.

"रोझेल, कसल्या गोळ्या घेतेस का गं?"

"टाके ठणकतात ना. मेमेरने दिल्या, एमेच्या पाठीच्या उरलेल्या. दुखलं की घेते."

डॉक्टरांनी जंतुसंसर्गाच्या तपासण्या केल्याच, ती शंका सोडून चालणार नव्हतं. पण गोळ्यांचं ऐकताच ते बाळाचा मंदावलेला श्वास मोजू लागले. गोळ्यांतलं अफूच्या जातीचं औषध दुधातून बाळाच्या अंगात उतरत होतं. त्यांनी उतारा टोचला, बाळाला देखरेखीखाली ठेवलं. तपासण्यांत दुसरं काही निघालं नाही. दोन दिवसांनी बाळ भुकेने हातपाय झाडू लागलं.

पहिल्या दिवसापासून मेमेर वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून होती. "माझ्या हातून जीव गेला असता गं त्याचा."

ऑलिविन तिच्या शेजारी टेकली. "सून कळवळत होती, तुम्हाला बघवलं नाही. एवढंच झालं. आता उरलेल्या गोळ्या मला आणून द्या. आणि तिच्यासाठी काहीतरी गरम करा, हॉस्पिटलचं जेवण घशाखाली उतरत नाही."

संध्याकाळी मेमेर कोंबडीचा रस्सा घेऊन आली. रोझेलच्या आधी तिने ऑलिविनच्या हातात वाडगा दिला. पुढे ऑलिविन कुठल्याही घरी गेली, की आधी बाळंतिणीजवळ बसायची; तिला कुठे दुखतंय, त्यावर ती काय घेतेय, ते विचारायची.