पाठमोरी

तिने काढलेल्या फोटोंत माणसं भरपूर असायची, पण एकाचाही चेहरा दिसायचा नाही. भोपाळच्या तलावाकाठी कणीस खाणारं जोडपं, करोंदच्या धान्यबाजारात पोती वाहणारे हमाल, ओट्याशी उभी असलेली तिची आई, फळ्यावर लिहिणारी मी, सगळे पाठमोरे. पहिल्याच महिन्यात अकरावीच्या मुलांनी तिचं नाव ‘बॅकसाइड’ ठेवलं. मी ओरडले, तेव्हा त्यांनी ते माझ्या माघारी चालू ठेवलं. माझ्याही मनात तिचं नाव पडलं होतं, पाठमोरी. ते निदान सभ्य होतं.

फोटो वाईट असते तर प्रश्न नव्हता. हमालाच्या मानेवरचा घट्टा, आईच्या ब्लाउजला हुकाच्या जागी लावलेली सेफ्टी पिन, माझ्या अंबाड्यातून सुटलेली पांढरी बट, हे सगळं तिला बरोबर दिसायचं. मागच्या बाकावरचा एक विनोदी मुलगा म्हणायचा, “मॅडम, इसको देखते ही सब मुँह फेर लेते हैं क्या?” वर्ग हसायचा, तीही हसायची. एकदा मी तिला एकटीला गाठून विचारलं, “समोरून का नाही काढत गं?” घरी मराठी बोलणारी ती वर्गातली एकटीच, म्हणून आम्ही दोघीच असलो की मराठीत बोलायचो.

ती म्हणाली, “चेहरा काढला की तो माणूस आपल्याकडे राहतो, मॅडम. मग त्याचं काय करायचं?”

सोळाव्या वर्षी मुली असं काहीतरी बोलतातच, असं समजून मी तिला कॅमेरा वाकडा धरू नकोस एवढंच सांगितलं.

फोटोग्राफीचा वर्ग माझ्याकडे आला तो अपघाताने. मी फिजिक्सची. नवऱ्याच्या बदलीमुळे नागपूरहून भोपाळला आले आणि इथल्या शाळेत चिकटले. शाळेने नवा विषय सुरू केला तेव्हा प्रिन्सिपॉल म्हणाले, “लेंस तो आप ही पढ़ाती हैं न?” झालं. मला कला शिकवता येत नाही, म्हणून मी नियम शिकवले. आधी विचारा, मग काढा, काढला की दाखवा. समोरचा नको म्हणाला तर त्याच्यासमोर पुसून टाका. पाठमोरीने हा नियम कधी मोडला नाही, कारण पाठीला कुणी विचारत नाही.

नियमांखेरीज माझी एक सोमवारची पद्धत होती. एका मुलाने वर्तमानपत्रातला एक फोटो कापून आणायचा, खालचा मजकूर छाटून टाकायचा, आणि फोटो फलकावर लावायचा. बातमी माहीत नसताना फोटो काय सांगतो, ते बाकीच्यांनी बोलायचं. माझी ही पद्धत मला फार आवडायची. इन्स्पेक्शनला आलेल्या पाहुण्यांना मी ती मुद्दाम दाखवत असे.

त्या सोमवारी मागच्या बाकावरच्या त्याच मुलाने घरच्या रद्दीतल्या जुन्या पेपरातला फोटो आणला होता. खुर्चीवर बसलेला एक मध्यमवयीन माणूस, दोन बाजूंनी दोघांनी मनगटं धरलेली, पुढच्या टेबलावर काचेच्या बाटल्या आणि त्यांत गुलाबी पाणी. इथल्या मुलांना याचा अर्थ सांगावा लागत नाही. लाच घेताना पकडलेल्या माणसाचे हात पाण्यात धुतले की नोटांना लावलेल्या पावडरीने ते पाणी गुलाबी होतं. पेपरात असे फोटो नेहमी येतात आणि सगळे सारखेच दिसतात. मी विचारलं, कोण बोलणार? कुणीच हात वर केला नाही. मग पाठमोरी उभी राहिली. ती स्वतःहून उभी राहण्याची ती पहिलीच वेळ.

ती हिंदीत बोलली, सावकाश. फोटो काढणारा उभा आहे आणि माणूस बसलेला, म्हणून आधी त्याचं टक्कल दिसतं आणि मग डोळे, असं म्हणाली. फ्लॅश जवळून मारल्यामुळे पाणी आहे त्याहून गुलाबी दिसतंय. मनगटं धरणारे दोघे कॅमेऱ्याकडे बघताहेत, म्हणजे त्यांना फोटो हवाय. “और इनको किसी ने बोला है, इधर देखिए। जो बोलो, ये सुन लेते हैं। पूरा देख पाते, उसके पहले ही बटन दबा दिया।”

“अरे, चोर है तो चोर जैसा ही दिखेगा न!” मागून आवाज आला. वर्ग हसला. ती खाली बसली.

मी टेबलावर हात आपटून सगळ्यांना गप्प केलं आणि म्हटलं, “ऐसे देखते हैं फोटो। सीखो इससे।” मग सगळ्यांना तिच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या.

शाळा सुटल्यावर ती कॅमेरा परत करायला आली. कपाटात ठेवला, पट्टा नीट गुंडाळला आणि म्हणाली, “मॅडम, ते कात्रण मला द्याल?”

“कशाला?”

“बाबा आहेत ते.”

मी टाचण्या काढल्या आणि कात्रण तिच्या हातात दिलं. काहीतरी बोलायला हवं होतं. टाळ्यांचा आवाज माझ्या कानात होता. तिने कात्रणाची घडी घातली नाही, दोन पुस्तकांच्या मध्ये सपाट ठेवलं. मग तिनेच मला सोडवलं. म्हणाली, “घेतले होते, मॅडम. खोटं नाहीये ते. पण त्यांचं तोंड असं नाहीये.”

मी म्हटलं, “शनिवारी कॅमेरा नेण्याआधी बॅटरी चार्ज कर.” असल्या वेळी मला असलंच सुचतं.

नंतर हळूहळू कळलं ते असं. वडील एका सरकारी कार्यालयात बाबू होते. घर मूळचं अमरावतीकडचं, आजोबांच्या वेळेपासून इथे. सस्पेंड झाल्यावर वडिलांनी बाहेर पडणं सोडलं. चार इमलीत, बड्या अधिकाऱ्यांच्या बंगल्यांत राहणारे त्यांचे साहेब एकदाही फिरकले नाहीत, आणि मराठी मंडळाच्या गणपतीत वर्षानुवर्षं आरतीचं ताट धरणाऱ्या या माणसाला त्या वर्षी कुणी बोलावलंही नाही. त्या मंडळाला मीही वर्गणी देते, फक्त वर्गणी. करोंदला भाड्याची जागा घेतली ती स्वस्त म्हणून, आणि तिथे ओळखीचं कुणी नाही म्हणून.

त्या सोमवारनंतर तिने लोकांसमोर जाऊन परवानगी विचारायला सुरुवात केली. का, ते तिला मी विचारलं नाही. एका शनिवारी वर्गात शिरतानाच तिचा चेहरा फुललेला होता. “मॅडम, नाही म्हणाली!”

“कोण?”

“मंडीत सांडलेले दाणे झाडून गोळा करते ना, ती बाई. मी विचारलं, फोटो काढू? म्हणाली, चल हट, काम करने दे! डायरेक्ट!”

बक्षीस मिळाल्यासारखी ती सांगत होती. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा गेली, पुन्हा नकार घेऊन आली. मग एकदा त्या बाईनेच हाक मारली, “ए फोटोवाली, आज खींच ले, आज बाल धोए हैं।” तो फोटो मी अजून वर्गात दाखवते. ओले केस, दाण्यांच्या धुळीने पांढऱ्या झालेल्या भुवया, आणि कॅमेऱ्याला आव्हान दिल्यासारखी वर उचललेली हनुवटी. यात माझं शिकवणं काही नव्हतं. कॅमेरा खाली धरून ती बोलत बसायची. फोटोसाठी आणलेलं तोंड माणसाला फार वेळ धरून ठेवता येत नाही. ते गळलं की मगच ती कॅमेरा उचलायची.

बारावीच्या हिवाळ्यात शाळेने प्रदर्शन ठरवलं. प्रत्येकाने एक चेहरा लावायचा. पालक येणार होते, पेपरवाले येणार होते, आणि प्रिन्सिपॉलना आपला वर्ग दाखवायची मला घाई झाली होती. पाठमोरीने पेनड्राइव्ह लावला आणि माझ्या कॉम्प्युटरवर तिचे वडील आले.

गच्चीवरचं ऊन, मांडीवर परात, परातीत मटार. दाढी वाढलेली. शेंग अर्धी उघडून बोटं थांबलेली आणि माणूस मान वर करून सरळ बघतोय. त्या बघण्याचं वर्णन मला नीट करता येणार नाही. रागावलेला नव्हता, रडवेला नव्हता. आता पळायला जागा नाही हे कळलेल्या माणसासारखा थांबला होता. इतक्या वर्षांत मुलांनी काढलेले हजारो फोटो मी पाहिले असतील, त्यांत असा एकही नव्हता.

“हा दारासमोर लावू या,” मी म्हटलं. “मोठा करून. असे कसे बघितले गं ते?”

“विचारलं.”

“ते झालंच. पण मग काय केलंस?”

“तेच विचारलं, मॅडम. बाबा, पैसे का घेतलेत? आणि बटण दाबलं.”

वर्गात कुणी नव्हतं. पंखा बंद होता. मी माउसवरचा हात काढला.

“काय म्हणाले?”

“काही नाही. मटार सोलत राहिले.”

“फोटो दाखवलास?”

“दाखवला. खूप वेळ बघितला. म्हणाले, कान फार मोठे आलेत. मग म्हणाले, लाव तुला लावायचा असला तर.”

“मग झालं तर!”

“नाही ना, मॅडम.” ती स्टुलावर बसली. “आता ते मला कशालाच नाही म्हणत नाहीत. ट्रिपला जाऊ? जा. केस कापू? काप. परवा मी मुद्दाम म्हटलं, शिकणं सोडून देऊ? तर म्हणाले, तुला योग्य वाटेल ते कर. आधी ते असं बोलले असते तर आश्चर्याने मी पडलेच असते. ते आता फक्त हो म्हणतात. त्यांचं हो धरायचं नाही.”

मी वाद घातला. शांतपणे, मुद्देसूद, जसा मी नेहमी घालते. म्हटलं, नियमाप्रमाणे तू विचारलंस, दाखवलंस, परवानगी मिळाली. म्हटलं, शहराने त्यांचा एक फोटो पाहिलाय, आता हा पाहू दे. हे मला फार बिनतोड वाटलं होतं.

“नियम तुमचा आहे, मॅडम,” ती म्हणाली. “बाबा माझे आहेत.”

मग तिने पेनड्राइव्ह काढून घेतला. हात जोडल्यासारखं काहीतरी केलं आणि गेली. खरं म्हणजे मी तिला सांगितलं नव्हतं, पण फोटो पाहता पाहता मनातल्या मनात मी फ्रेमचा रंगही ठरवून टाकला होता. हे लिहायलाही लाज वाटते, पण खुर्चीवर बसलेल्या माणसाला “इकडे बघा” म्हणणारा तो पेपरवाला आणि मी, यांच्यात त्या दुपारी फारसा फरक उरला नव्हता. त्याला निदान बातमी द्यायची होती.

प्रदर्शनात तिने मंडीतली ती बाई लावली. लोकांना आवडली. त्या बाईला ती स्वतः रिक्षातून घेऊन आली, आणि बाईने आपल्या फोटोखाली उभं राहून सगळा खाऊ खाल्ला. वडील आले नव्हते.

पुढे ती पुण्याला शिकायला गेली. आता तिथेच काम करते, लोकांचे फोटो काढते, आणि बरेच नकार घेते असं फोनवर सांगते. माझ्या वर्गात नियमांत एक भर पडली आहे. फोटो दाखवून झाल्यावर मी मुलांना विचारते, “जिसने हाँ बोला, वो तुमको ना बोल सकता था क्या?” मुलं गोंधळतात. एकाने मागे उत्तर दिलं, “मॅडम, मेरी दादी किसी को ना नहीं बोलती।” मी त्याला सांगितलं, मग दादीचा फोटो पुढच्या वर्षी काढ.

गेल्या हिवाळ्यात तिचा फोन आला. बाबा गेले, झोपेतच. खटल्याचा निकाल लागायचाच राहिला होता. मी करोंदला भेटायला गेले. घर लहान होतं, दारात चपला भरपूर होत्या. मराठी मंडळातलेही चार लोक आले होते. जिवंतपणी ज्यांना यायला सवड झाली नव्हती ते आता गुडघ्यावर हात ठेवून सतरंजीवर बसले होते. मीही त्यांच्यातच जाऊन बसले.

समोर टेबलावर हार घातलेला फोटो होता. तोच. मटार, परात आणि बोटं कापून टाकली होती, फक्त चेहरा ठेवला होता. वडिलांच्या जुन्या वस्तूंत आईला दुसरा धड फोटो सापडला नव्हता, म्हणून तिने लेकीचा घरी राहिलेला जुना लॅपटॉप उघडून हा निवडला आणि जवळच्या दुकानातून मोठा करून आणला. लेक गाडीत होती तेव्हा. ती पोचेपर्यंत हारही घालून झाला होता.

येणारा प्रत्येक माणूस हात जोडत होता आणि म्हणत होता, “किती शांत दिसताहेत.” माझ्याच्याने त्या फोटोकडे बघवेना. एकदा जो मी दारासमोर लावायला निघाले होते, तो चेहरा आता सगळ्यांसमोर होता, आणि मी सतरंजीची किनार बघत होते.

ती चहा घेऊन आली. कप माझ्या हातात देताना वाकून हळू म्हणाली, “मॅडम, त्यांना मी काय विचारलं होतं ते आईला सांगू नका.”

तेवढ्यात आई माझ्या शेजारी येऊन बसली. बोलून बोलून तिचा आवाज बसला होता. ती फोटोकडे बघत म्हणाली, “शेवटी शेवटी कुणाच्या नजरेला नजर देत नव्हते हो. पण हिच्याकडे बघा कसे बघताहेत. लेकीवर फार जीव होता.”

“हो,” मी म्हटलं. “फोटो फार चांगला आला आहे.”

पाठमोरी पुढच्या पाहुण्यांना चहा द्यायला गेली.